पेट्रोल सीमेपलीकडे स्वस्त; पण डहाणू-तलासरीच्या घरखर्चात किती फरक?

तलासरी तालुक्यातील अच्छाड ओलांडले की गुजरात सुरू होतो आणि पेट्रोलचा दर घसरतो. 2025 च्या मध्यात मुंबईत लिटरमागे सुमारे 103.50 रुपये मोजावे लागत होते, तर अहमदाबादमध्ये सुमारे 94.50 रुपये.

फरक कशामुळे?
पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहेत. केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखे असते. व्हॅट मात्र प्रत्येक राज्य ठरवते. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5.12 रुपये. गुजरातमध्ये 13.7 टक्के व्हॅट आणि 4 टक्के उपकर. वाहतूक खर्चानेही थोडाफार फरक पडतो.

मग डिझेल?
येथे चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात डिझेलवर 21 टक्के व्हॅट आहे. गुजरातचा 14.9 टक्के व्हॅट आणि उपकर मिळून भार साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे दोन्ही शहरांत डिझेल नव्वद रुपयांच्या घरात होते. म्हणजे सीमेचा फायदा दुचाकीस्वाराला, डिझेलवर चालणाऱ्या टेम्पोला जवळपास नाही.

मुद्दाम जाणे परवडते का?
10 लिटरमागे वाचतात सुमारे 90 रुपये. सीमेपासून 30 किलोमीटरवर राहणाऱ्याची फेरी 60 किलोमीटरची. लिटरला 50 किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला त्यासाठी 1.2 लिटर, म्हणजे 113 रुपयांचे पेट्रोल लागते. बचतीपेक्षा खर्च जास्त! उंबरगाव-भिलाडकडे रोज कामाला जाणाऱ्याचा मात्र महिन्याला 20 लिटरमागे 180 रुपयांचा फायदा होतो.

गॅस आणि वीज
घरगुती सिलिंडरवर देशभर 5 टक्केच जीएसटी आहे. एप्रिल 2025 मधील वाढीनंतर मुंबईत 14.2 किलोचा सिलिंडर 852.50 रुपयांना झाला. उज्ज्वला लाभार्थींना 300 रुपये अनुदान मिळते, पण आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. अनुदान नंतर बँक खात्यात येते. हातावर पोट असलेल्या घरासाठी ही आगाऊ रक्कमच मोठी अडचण ठरते.

डहाणूत 500 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, पण ते उभारले गेले मुंबईच्या उपनगरांसाठी. केंद्र शेजारी असले म्हणून बिल कमी होत नाही. महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो डहाणूत व नाशिकमध्ये सारखाच असतो.

न दिसणारा खर्च
सिलिंडर संपला आणि हाती पैसे नसले, की पाड्यावरच्या घरात चूल पेटते. सरपणाला रोख पैसे लागत नाहीत, म्हणून ते खर्चाच्या हिशेबात दिसत नाही. त्याची किंमत मोळी आणणाऱ्या बाईचे तास आणि धुराने भरलेली छाती यांत मोजली जाते. पंपावरच्या दराइतकीच गॅससाठी लागणाऱ्या आगाऊ रकमेचीही चर्चा व्हायला हवी, ती याचसाठी.