सायकलस्वाराचे बूट : पैसे कशासाठी मोजावेत?

सायकल तुमच्या रोजच्या ओळखीची. आधी शाळा, मग गावाबाहेरचा रस्ता, मग एखादा घाट असे करता करता तुमच्यापैकी काहींना लांब पल्ल्याची गोडी लागते. मग कोणी तरी सांगतो, "कॅनव्हासच्या बुटांनी काय होणार? सायकलचे खास बूट घे." तुम्ही दुकानात जाता. तिथे एका जोडाच्या किमतीत दुसरे चार जोड यावेत, एवढा फरक! दिसायला मात्र सारे सारखेच. खिशातले पैसे मोजके, आणि तेही महिनोन् महिने साठवलेले. ते वाया जाऊ नयेत म्हणून विक्रेत्याला विचारण्याआधी आपण पदार्थविज्ञानालाच विचारू.

पाय किती जोर लावतो?

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, हे तुम्ही शिकला आहात. समजा, घाट चढताना एक मुलगा १५० वॅट शक्ती लावतो आणि पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारतो. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात पेडल सुमारे १.०७ मीटर फिरते. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला १.०७ मीटर. १५० ला १.०७ ने भागले की सरासरी बल येते १४० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलोग्रॅम वजनाइतके. क्रँक वर किंवा खाली उभा असताना बल फारसे लागू पडत नाही. त्यामुळे क्रँक आडवा असताना ते याच्या दुप्पटही होते.

हे बल पडते कुठे? पायाच्या चवड्यावर. मऊ सोलचा बूट अरुंद पेडलवर वाकतो. १४ किलोग्रॅमचा भार १० चौरस सेंटिमीटर जागेवर पडला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १.४ किलोग्रॅम भार येतो. तोच भार ताठ सोलमुळे ७० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर तो फक्त ०.२ किलोग्रॅम होतो. तासाभरात असे ३,६०० फेरे होतात! तळपाय का जळजळतो, हे आता ध्यानात येईल.

घरी करून पाहा. स्पंजवर एक नाणे ठेवून बोटाने दाबा. नाणे खोल रुतेल. आता स्पंजवर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक ठेवा, त्यावर नाणे ठेवा आणि तेवढ्याच जोराने दाबा. स्पंज जेमतेम दबेल. नाणे म्हणजे पेडल, पुस्तक म्हणजे ताठ सोल आणि स्पंज म्हणजे तुमचा तळपाय.

नायलॉन की कार्बन?

स्वस्त बुटांचा सोल बहुधा नायलॉनचा असतो, महागांचा कार्बन तंतूंचा. कार्बनचा सोल अधिक ताठ आणि हलका असतो, यात शंका नाही. पण त्याचा फायदा किती?

समजा, ३०० न्यूटन बलाखाली नायलॉनचा सोल कार्बनच्या सोलपेक्षा १ मिलिमीटर जास्त वाकला. वाकवण्यात गेलेली ऊर्जा म्हणजे बल आणि अंतर यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग, अर्थात ०.१५ जूल. आपला मुलगा दर सेकंदाला एक फेरा, म्हणजे दोन पायांनी दोनदा दाब देतो. प्रत्येक दाबात ७५ जूल कार्य होते. तेव्हा तोटा झाला पाचशेत एक भाग! त्यातलाही काही भाग सोल सरळ होताना परत मिळतो.

आता वजन पाहू. मुलगा ६० किलोग्रॅमचा, सायकल १२ किलोग्रॅमची. महाग जोड २०० ग्रॅमने हलका असला, तर एकूण ७२ किलोग्रॅममध्ये ३६० वा भाग वाचला. खंडाळ्याच्या घाटासारखा चढ चढायला अर्धा तास, म्हणजे १,८०० सेकंद लागत असतील, तर बचत सुमारे ५ सेकंदांची. शर्यत जिंकणाऱ्याला ५ सेकंद मोलाचे असतील. तुम्हाआम्हाला तेवढा वेळ घाटमाथ्यावर पाण्याची बाटली उघडायला लागतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हलक्या ते मध्यम श्रमात, धावण्याचे साधे बूट आणि पेडलला अडकणारे बूट यांत शरीराच्या ऊर्जाखर्चात लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. याचा अर्थ सायकलचे बूट निरुपयोगी आहेत असा नव्हे. ते तळपायाला आराम देतात आणि जोरात पेडल मारताना पाय घसरू देत नाहीत. पण नुसती किंमत वाढवून वेग वाढत नाही.

पाय पेडलला अडकतो कसा?

पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पाय पट्ट्याने पेडलला बांधीत. १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने नवे पेडल बाजारात आणले. बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवण्याची साधने ही कंपनी बनवीत असे. तीच युक्ती तिने सायकलला लावली. १९८५ ची 'तूर द फ्रान्स' शर्यत बर्नार्ड इनो यांनी हीच पेडले वापरून जिंकली.

या पेडलात अडकणारा तुकडा बुटाच्या सोलखाली स्क्रूने बसवतात. त्याला क्लीट म्हणतात. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. तीन स्क्रूंचे क्लीट मोठे असते आणि सोलखाली उठून दिसते, त्यामुळे चालताना पाय घसरतो. दोन स्क्रूंचे क्लीट लहान असून बहुतेक बुटांत ते सोलच्या खाचेत बसते. सायकलवरून उतरून शाळेत किंवा दुकानात चालत जायचे असेल, तर हेच सोयीचे.

इथे एक छुपा खर्च आहे. बुटाची भोके, क्लीट आणि पेडल यांचा मेळ बसलाच पाहिजे. साध्या पेडलवर क्लीट अडकत नाही. तेव्हा हिशेब बुटांचा न करता तिन्हींचा करा.

क्लीटमध्ये पाय थोडा वळू शकतो की नाही, हेही विचारा. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये लाल रंगाला ० अंश, निळ्याला २ अंश आणि पिवळ्याला ६ अंश मोकळीक असते. नवख्याने पिवळे घ्यावे. पाय चुकीच्या कोनात जखडला, तर त्याचा ताण गुडघ्यावर येतो.

सर्वांत मोलाचे ते माप

बूट चवड्याला घट्ट असेल, तर बोटांच्या हाडांमधल्या नसा दबतात. पायाला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. कार्बनचा सोल याला औषध नव्हे. उलट, ताठ बूट कॅनव्हाससारखा सैलावत नाही, म्हणून त्यात मापाची चूक अधिक बोचते.

संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात. त्या वेळी कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रूपरेषा काढा. मोठ्या पायाची लांबी आणि रुंदी मोजा. युरोपीय मापाचा एक आकडा म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे ६.७ मिलिमीटर. कंपन्यांचे साचे वेगवेगळे असतात, म्हणून बुटाचा आकडा न सांगता पायाची लांबी सांगा आणि जोड घालूनच पाहा. बोटे पुढे टेकू नयेत, टाच आत उचलली जाऊ नये आणि चवडा दोन्ही बाजूंनी आवळला जाऊ नये.

तुमचे पाय अजून वाढत आहेत, हेही विसरू नका. आजचा महाग जोड वर्षभरात लहान होऊ शकतो. म्हणून दोन माप मोठा जोडही घेऊ नका. त्यात पाय हलतो आणि क्लीट चवड्याखाली राहत नाही.

तेव्हा पैशांचा क्रम असा लावा : आधी माप, मग ताठ सोल, मग योग्य क्लीट आणि पेडल. वजन आणि कार्बन सर्वांत शेवटी. वापरलेला जोड मिळत असेल, तर सोलला तडा नाही आणि क्लीटच्या भोकांचे आटे झिजलेले नाहीत, एवढे पाहा. झिजलेली क्लीट बदलता येते. एवढेही पैसे नसतील, तर साधे पेडल आणि नीट बसणारा, जरा कडक सोलचा बूट यांवर खुशाल घाट चढा.

आणि नवे बूट आणलेच, तर पहिल्या दिवशी रहदारीत जाऊ नका. भिंतीचा आधार घेऊन टाच बाहेर वळवण्याचा सराव पन्नास वेळा करा. थांबताना पाय सोडवायला विसरलात, तर गुरुत्वाकर्षण मात्र आपला नियम विसरत नाही!