शिक्षणाचे नियोजन आणि मुलाची भाषा

शाळा ही खेड्यातील सर्वांत परिचित शासकीय संस्था होय. परंतु ती कोठे असावी, तीत किती शिक्षक असावेत व त्यांनी कोणत्या भाषेतून शिकवावे, हे तीन प्रश्न एकाच ठिकाणी सुटत नाहीत. सातारा व सांगली या शेजारी जिल्ह्यांकडे पाहिल्यास हे स्पष्ट होईल.

मूळ संविधानात शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. आज धोरणाची चौकट व खर्चाचा काही वाटा केंद्राकडे, अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके राज्याकडे आणि ग्रामीण प्राथमिक शाळा चालविण्याचे काम प्रामुख्याने जिल्हा परिषदांकडे आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत जिल्ह्यांचे वार्षिक आराखडे राज्यात एकत्र होऊन मंजुरीसाठी दिल्लीस जातात. या प्रवासात ज्याचा आकडा होतो, त्याचीच तरतूद होते.

साताऱ्यातील पाटण वा जावळी या डोंगराळ तालुक्यांत मुख्य प्रश्न अंतराचा आहे. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी. पावसाळ्यात ओढ्यापलीकडचा किलोमीटर नकाशावरल्यापेक्षा लांब पडतो, हे खरे. तथापि अंतर मोजता येते, म्हणून शाळा मागताही येते.

सांगलीतील जत तालुक्यात दुसऱ्या प्रकारचे अंतर आढळते. कर्नाटकाच्या सीमेवरील येथील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे, आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. मराठीत घर ‘ते’, भिंत ‘ती’ आणि दरवाजा ‘तो’; कन्नडात या तिन्ही वस्तू नपुंसकलिंगीच. म्हणून मराठी शाळेत आलेले कन्नडभाषक मूल ‘ते भिंत’ म्हणाले, तर ते निष्काळजीपणा करीत नसते. आपल्या घरच्या व्याकरणाचा नियम पाळीत असते. हे न जाणणारा शिक्षक त्यास मंदबुद्धी समजण्याचा संभव असतो.

कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. १९५६ मध्ये संविधानात आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयी सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा असावे, असे म्हणतो. परंतु त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकसंख्या ठरते ती पटावरून: पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्या मोजणीत भाषेला स्थान नाही. कन्नड शाळेत कन्नड न जाणणारा शिक्षक नेमला गेला, तरी कागदोपत्री पद भरलेलेच दिसेल.

तेव्हा जिल्हा आराखड्यात पटाशेजारी आणखी दोन रकाने हवेत: पहिलीत येणाऱ्या मुलांची घरची भाषा आणि शिक्षकास अवगत असलेल्या भाषा. ही माहिती शाळेला अपरिचित नाही. तिच्यावरून नेमणूक ठरावी, एवढेच मागणे आहे. शाळा दाराशी असूनही तिची भाषा दूर असेल, तर मुलाच्या दृष्टीने ती शाळा अद्याप दूरच आहे.