पायावरचे केस, घरातले ब्लेड आणि रोवणीचा चिखल

रोवणीचे दिवस होते. इटियाडोहच्या नहराला लागून असलेल्या एका वस्तीत विहाराच्या ओट्यावर आमची महिलांची बैठक चालू होती. विषय होता रक्तवाढीच्या गोळ्यांचा. मागे भिंतीला टेकून एक पोरगी बसली होती. ओढणी पायावर घेऊन. बैठक संपल्यावर सगळ्या निघाल्या, ती उठलीच नाही. आम्ही जवळ गेलो. ओढणी बाजूला केली तर डावी पोटरी लाल, गरम आणि घट्ट सुजलेली. अंगात ताप.

चुलत बहिणीचे लग्न ठरले होते. पाहुण्यांसमोर पाय गुळगुळीत दिसावे म्हणून तिने रात्री भावाच्या दाढीच्या ब्लेडने पायाचे केस काढले होते. दिव्याच्या उजेडात, कोरड्या पायावर, घाईघाईत. दोन-तीन ठिकाणी कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीत उतरली आणि पाच दिवस गुडघाभर चिखलात परे लावत राहिली. पाय ठणकत होता, पण घरी सांगायची लाज. “माय विचारेल, केस काढाले कोणं सांगलं होतं?” म्हणून गप्प.

तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. त्वचेखालचा जंतुसंसर्ग होता, डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात. भरती व्हावे लागले, शिरेतून औषधे द्यावी लागली. पाय वाचला, पण रोवणीची मजुरी बुडाली आणि लग्नही चुकले.

तेव्हापासून आम्ही हा विषय बैठकीत उघडपणे घेतो. कारण केस काढणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत आणि सगळ्या चोरून काढतात. चोरून केलेल्या गोष्टीत चूक झाली की ती सांगायलाही उशीर होतो.

केस काढायलाच पाहिजेत का?

नाही. आधी हे नीट समजून घेऊ. पायावरचे केस म्हणजे घाण नाही. केस असणे हा आजार नाही, अस्वच्छतेची खूण नाही. ते कमी की जास्त, हे बहुतेक वेळा आई-वडिलांकडून आलेले असते. साबण-पाण्याने रोज धुतलेला केसाळ पाय हा स्वच्छ पायच आहे.

मग गुळगुळीत पायाचे वेड आले कुठून? अमेरिकेत जिलेट कंपनीने 1915 मध्ये खास बायकांसाठी रेझर विकायला काढला. बिनबाह्यांचे कपडे आले तशी काखेची लाज विकली, झगे आखूड झाले तशी पायाची. पुढे ती जाहिरातींतून सगळीकडे पसरली. आज आपल्या मुलीच्या मोबाइलवर तीच जाहिरात येते.

आपल्या समाजाला पायाचा प्रश्न नवा नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी बोलताना लुगडे नेसण्याच्या जुन्या तऱ्हेचा विषय काढला होता. आपल्या आज्या-पणज्यांचे गुडघ्याजवळ आखूड नेसलेले लुगडे ही जातीची खूण होती. ती खूण टाकून द्या, हे त्यांचे सांगणे होते. बायकांनी ते ऐकले आणि लुगडे घोट्यापर्यंत आले. आपले शरीर कसे झाकायचे, कसे ठेवायचे हे दुसऱ्याने ठरवू नये, एवढा धडा आपण त्यातून घ्यावा. तो आजही लागू आहे. मुलीने केस काढले म्हणून तिला टोमणे मारू नका. नाही काढले म्हणूनही मारू नका. निर्णय तिचा. आमचे काम एवढेच की काढायचेच असतील तर इजा न होता कसे काढावे, ते सांगणे.

“काढले त डबल येतेत का जी?”

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर आहे, नाही.

केसाचे मूळ त्वचेच्या आत एका बारीक पिशवीत असते. ब्लेड फक्त वर आलेला भाग कापते. मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, म्हणून मऊ लागते. कापलेल्या केसाचे टोक बोथट होते, म्हणून दोन-तीन दिवसांनी खरखर लागते. धान कापल्यावर धुऱ्यावरून अनवाणी चालताना ठूट टोचतात, तसेच हे. धान दाट झालेले नसते, नुसते कापलेले असते.

दुसरी गोष्ट, घरातल्या कोणत्याही उपायाने केस कायमचे जात नाहीत. तसा दावा करणारी पुडी कोणी विकत असेल तर पैसे वाया घालवू नका.

रेझरने काढताना

सगळ्यात स्वस्त आणि नीट केले तर सुरक्षित पद्धत. उघडे ब्लेड हातात धरून कधीच नाही. मुठीचा रेझर घ्या, तो फक्त तुमचाच असू द्या.

आधी पाय साबणाने धुवा. कोमट पाण्याने पाच मिनिटे भिजवा, केस मऊ पडतात. साबणाचा भरपूर फेस लावा. कोरड्या पायावर रेझर ओढणे हेच कापण्याचे मुख्य कारण असते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, म्हणजे पायावर साधारण वरून खाली, हलक्या हाताने ओढा. उलट ओढल्याने जास्त गुळगुळीत होते, पण पुळ्या येतात आणि केस आत वळून वाढतात. दोन-तीन ओढींनंतर रेझर पाण्यात धुवा. गुडघा आणि घोट्यावर हाड वर असते, तिथे घाई करू नका. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवून पाय टिपून कोरडा करा. चोळू नका. कापले नसेल तर थोडे खोबरेल तेल लावले तरी पुरे.

पाच ते सात वेळा वापरल्यावर ब्लेड बदला. बोथट ब्लेड जास्त कापते, कारण आपण जोर लावतो.

क्रीमने काढताना

केस काढायच्या क्रीमला उग्र वास का येतो? त्यात थायोग्लायकोलेट नावाचे रसायन असते. केस ज्या पदार्थाचा बनलेला आहे, त्या केराटिनचे धागे ते तोडते. केस लगदा होऊन निघतो. पण आपल्या कातडीच्या वरच्या थरातही केराटिनच असते. म्हणून वेळ महत्त्वाची. डब्यावर जितकी मिनिटे लिहिली असतील त्याहून एक मिनिटही जास्त नाही. “आणखी थोडं ठेवलं त चांगलं निघंल” म्हणणाऱ्या मुलींच्या पायाला भाजलेले चट्टे आम्ही पाहिले आहेत.

पहिल्यांदा वापरताना आदल्या दिवशी पायावर रुपयाएवढ्या जागेत लावून बघा. 24 तासांत लाली, खाज, फोड काही आले नाही तरच पुढे जा. जखम, खरूज, नायटा असलेल्या पायावर क्रीम लावू नका. डब्यावरची तारीख बघा. बाजारात तारीख उलटलेली क्रीम स्वस्तात मिळते, ती घेऊ नका.

साखर आणि लिंबू

घरचे वॅक्स अगदी सोपे आहे. एक वाटी साखर, दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगाचा पाक होईपर्यंत हलवा. मग खाली उतरवा आणि खरोखर थंड होऊ द्या. हे आम्ही जोर देऊन सांगतो. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून राहतो. लहान लेकरे आजूबाजूला असतील तर हा उद्योग करूच नका.

आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. नुसता कोमट लागला पाहिजे. केस तांदळाच्या दाण्याएवढे लांब असावेत, त्याहून आखूड असले तर निघत नाहीत. पाक केसांच्या दिशेने पातळ पसरवा, वर धुतलेल्या सुती कापडाची पट्टी दाबा, एका हाताने कातडी ताणून धरा आणि पट्टी उलट दिशेने झटक्यात ओढा. वर नाही, पायाला समांतर. केस मुळातून निघतो म्हणून तीन-चार आठवडे आराम असतो. एकीची पट्टी दुसरीला लावायची नाही.

चुकून भाजले तर पायावर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. फोड आला तर फोडू नका, दवाखान्यात दाखवा.

चुना, सोडा, राख, विटेचा तुकडा घासून केस काढायचे प्रकार अजून चालतात. ते पूर्ण बंद करा. त्यात केस कमी आणि कातडी जास्त निघते.

आपल्या भागासाठी खास सूचना

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे पाणी नहराने अर्जुनी मोरगावच्या शिवारातून पुढे देसाईगंज, आरमोरीकडे जाते. या पाण्यावर आपली भाकरी आहे. आपल्या बायकांचे पाय पावसाळ्यात आणि नहराला पाणी सुटले की उन्हाळी धानातही तासन् तास चिखलात असतात. शहरातल्या बाईला जो सल्ला पुरतो, तो आपल्याला पुरत नाही.

बांधीच्या पाण्यात उंदीर-घुशींचे मूत मिसळलेले असते, जनावरांचेही असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि कातडीवरच्या बारीकशा चिरेतूनही शरीरात शिरतात. रेझर फिरवल्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा अनेक चिरा पायावर असतात. म्हणून नियम साधा आहे. केस काढल्यावर दोन-तीन दिवस चिखलात उतरायचे नाही. मजुरी सोडता येत नसेल तर केस सोडा. रोवणी उरकू द्या, मग काढा. तोपर्यंत फारच वाटले तर कात्रीने आखूड करा, कातडीला धक्का लागत नाही.

चिखलात काम केल्यानंतर ताप, पोटऱ्यांमध्ये जबर दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी किंवा पिवळी होणे, असे दिसले तर अंगावर काढू नका. डॉक्टरला सांगा की आम्ही रोवणीत होतो. हे एक वाक्य निदान लवकर करून देते. वेळेत औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.

कोणी काढूच नयेत

आपल्या जिल्ह्यात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. ज्या पायावर सूज आहे त्या पायाला ब्लेड, वॅक्स, क्रीम काहीच नको. त्या पायाची लहानशी जखमही सूज वाढवते. तो पाय रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला आशाताई आल्या की त्यांच्यासमोरच खायच्या.

सिकलसेल आपल्या अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तर त्यातून दुखण्याचा झटका येऊ शकतो आणि घोट्याजवळची जखम काही वेळा लवकर भरत नाही. साखरेच्या आजारात पायाची संवेदना कमी झालेली असते, कापलेले कळतच नाही. या दोघांनीही ब्लेड टाळावे. फुगलेल्या निळ्या शिरांवर वॅक्स ओढू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारावे.

केस स्वतःही काही सांगतात. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड केस येऊ लागले, तर ते काढत बसण्यापेक्षा तपासणी करा. हार्मोन्सचा प्रश्न असू शकतो. उलट बिडी ओढणाऱ्या किंवा साखर असलेल्या वयस्क माणसाच्या पायाचे केस आपोआप गेले, नडगी चकाकायला लागली, पाय गार पडू लागला आणि चालताना पोटरी दुखू लागली, तर रक्तपुरवठा कमी झाला असण्याची शक्यता आहे. तिथे घरातल्या बाप्यांनीही लक्ष द्यावे.

ब्लेड वाटून घेऊ नका, उघडे टाकू नका

एका घरात एकच रेझर, बापाचा, भावाचा आणि बहिणीचाही, हे आम्ही फार पाहतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. ब्लेडवर रक्ताचा थेंब दिसतही नाही, तरी लागण होऊ शकते. रेझर ज्याचा त्याचाच. मुलीसाठी वेगळा रेझर घेण्याचा खर्च भरती होण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

धनुर्वात गंजामुळे होतो असे समजतात. तो माती-शेणातल्या जंतूंमुळे होतो. मुलांना 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडीची लस मिळते, ती चुकली असेल तर उपकेंद्रात विचारा.

आणि वापरलेले ब्लेड. ते उघडे कचऱ्यात टाकले की कोणाच्या हाताला लागते? कचरा उचलणाऱ्या माणसाच्या. तो माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. ब्लेड जाड कागदात गुंडाळा, झाकणाच्या जुन्या डबीत साठवा, डबी भरली की चिकटपट्टी लावून वेगळी सांगून द्या. नहरात, बोडीत तर कधीच टाकू नका, तिथे आपली लेकरे पोहतात.

लगेच दवाखाना कधी?

लाली पसरत जात असेल, पाय गरम आणि घट्ट झाला असेल, पू येत असेल, जांघेत गाठ आली असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी. पेनाने लालीच्या कडेला रेघ ओढा. काही तासांत लाली रेघेच्या बाहेर गेली तर सकाळची वाट पाहू नका.

ती पोरगी आता बरी आहे. पुढच्या बैठकीला ती पुढे येऊन बसली आणि स्वतःची पोटरी दाखवून बाकीच्या मुलींना सगळे सांगितले. तिची माय शेजारीच होती. ती म्हणाली, “मले सांगलं असतं त मीच नवा रेझर आणून देल्ली असती.” आयांनो, हे वाक्य मुलीचा पाय सुजायच्या आधी घरात बोला.