मुखपृष्ठावर नाव असलेला गिटारवादक

राजूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना रेकॉर्ड आठवते ती लग्नाच्या मांडवात आणि जत्रेत भोंग्यावर वाजणारी. तबकडीवर सिनेमाचं, गायकाचं, संगीतकाराचं नाव असे. गिटार कुणी छेडली, ट्रम्पेट कुणी फुंकला, याचा पत्ता नसे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोवेकर वादक-संयोजकांनी मुंबईच्या स्टुडिओंत उभं केलेलं संगीत आपण तोंडपाठ केलं आणि माणसं विसरलो. त्याच गोतावळ्यातला एक गिटारवादक मात्र स्वतःच्या नावाने रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर आला. त्यासाठी त्याला लंडन गाठावं लागलं.

अमान्सियो डिसिल्वा १९३६ साली मुंबईत, गोवेकर कुटुंबात जन्मले. हॉटेलांतल्या बँडमधून त्यांचा हात तयार झाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांच्या चाहत्या होत्या. गिब्सन गिटार त्यांनीच घेऊन दिली, असं सांगतात. १९६७ मध्ये मुलाच्या उपचारांसाठी डिसिल्वा कुटुंब लंडनला गेलं. तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्यांना हेरलं आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ या दोन एलपी आल्या.

‘हम दोनो’तला दुसरा म्हणजे जो हॅरियट, जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक. जॉन मेयर यांच्यासोबत त्याने आधीच भारतीय संगीत आणि जॅझ यांचा मेळ घातला होता, पण तिथे सतार-तबला होता. ‘हम दोनो’त सतार नाही, तबला नाही, पियानोही नाही. सॅक्सोफोन, गिटार, इयन कार यांचा ट्रम्पेट, नॉर्मा विन्स्टन यांचा बिनशब्दांचा आवाज, बास आणि ड्रम्स एवढाच संच. भारतीयपण आणायची जबाबदारी एकट्या गिटारवर. रचनांची नावं पाहा: ‘जयपूर’, ‘बॅलड फॉर गोवा’, ‘स्टेफानोज डान्स’ (स्टेफानो हा त्यांचा मुलगा). डिसिल्वा यांनी आपली माणसं आणि आपले मुलूख रचनांच्या नावांत जपून ठेवले.

या संगीताचा आणि तबकडीच्या घडणीचा जवळचा संबंध आहे. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला साधारण वीस मिनिटं बसतात. खाचेच्या दोन भिंती असतात. डावा आवाज एका भिंतीत, उजवा दुसरीत. फेरे तेवढेच राहतात, पण पिन मधल्या लेबलकडे सरकते तसा वर्तुळाचा घेर आटतो. कडेला सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच पिनेखालून जाते, शेवटाला वीसेकच. तेवढ्या आखूड खाचेत तार स्वर दाटीने कोरले जातात आणि फाटण्याची भीती असते. म्हणून जाणकार निर्माता बाजूच्या अखेरीस शांत रचना ठेवतो. जोरकस बास तर रुंद खाच मागतो आणि मिनिटं खातो. वादकाने किती वेळ रंगायचं, याला तबकडीची अशी मर्यादा असते.

म्हणूनच उद्या डिसिल्वांसारख्या वादकाला आदरांजली वाहणारी मैफल करून ती रेकॉर्डवर आणायची ठरवली, तर ते कसोटीचं काम. त्याचे तुकडे जसेच्या तसे वाजवले तर ती नक्कल होते. जॅझमध्ये मुखडा ठरलेला, पुढचं सगळं त्या क्षणी सुचलेलं. त्यामुळे आदर दाखवायचा तर त्याच्या मुखड्यावरून स्वतःची वाट काढावी लागते. समोर श्रोते असले की ती जोखीम खरी होते. मग ती मैफल वीस-वीस मिनिटांत बसवताना काय ठेवायचं, काय गाळायचं, हाही संगीताचाच निर्णय ठरतो.

हॅरियट १९७३ मध्ये, जेमतेम ४४ व्या वर्षी गेला. डिसिल्वा १९९६ मध्ये. सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘कोंकण डान्स’ ही रेकॉर्ड तर २००६ मध्ये, ते गेल्यावर दहा वर्षांनी बाहेर आली. ‘हम दोनो’ची मूळ प्रत संग्राहक भरपूर पैसे मोजून घेतात, पण ज्या मुंबईत हा हात तयार झाला तिथे हे नाव अजून फारसं कुणी घेत नाही. २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा कारखानाही उभा राहिला आहे. तेव्हा ‘बॅलड फॉर गोवा’ एखाद्या तरुण गोवेकर गिटारवादकाने पणजीत, श्रोत्यांसमोर वाजवावी आणि तिची तबकडी त्या कारखान्यातच निघावी. त्या तबकडीवर संचातल्या प्रत्येकाचं नाव छापलं, तर ती आदरांजली एका डिसिल्वापुरती राहणार नाही.