अड्यारच्या दिव्यावरचे बारके पतंग

थिऑसॉफिकल सोसायटीची जुनी झाडी, समुद्राला मिळणारी अड्यार नदी आणि थोड्याच अंतरावर जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचं गिंडी राष्ट्रीय उद्यान. चेन्नईच्या या भागात अमावास्येच्या सुमारास पांढरा पडदा ताणून दिवा लावला की कीटकांची झुंबड उडते. मोठे, नक्षीदार पतंग बघ्यांची वाहवा मिळवतात. सूक्ष्मपतंगांचा अभ्यासक मात्र पडद्याला नाक लावून उभा असतो. त्याला हवा असलेला जीव तांदळाच्या कणीएवढा. इतर कुणीही तो धूळ समजून झटकून टाकेल.

जाळीत धरला तर पंखांवरचे खवले उडतात. म्हणून एकेका पतंगावर काचेची छोटी नळी उपडी ठेवायची. मेलेला पतंग लवकर वाळून कडक होतो, त्यामुळे पंख पसरवण्याचं काम लांबवता येत नाही. बिनडोक्याची बारीक टाचणी छातीतून फोमच्या तुकड्यात जाते, तो तुकडा मोठ्या टाचणीवर बसतो. खाली चिठ्ठी: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असो, जातींच्या यादीसाठी कामाचा नाही.

एवढं करूनही नाव हाती लागेलच असं नाही. पंखांवरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती निघतात. मग पोटाचा भाग वेगळा करून पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचा, खवले आणि चरबी साफ करायची आणि जननेंद्रियांचे कठीण भाग काचपट्टीवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. खरा फरक बहुधा तिथे सापडतो.

गंमत अशी, की भारतीय सूक्ष्मपतंगांच्या नामकरणाचा मोठा भाग ज्यांनी उचलला, त्या एडवर्ड मेरिक (1854–1938) यांनी या तपासणीला थारा दिला नाही. हे इंग्लंडमधल्या मार्लबरो कॉलेजातले शिक्षक. कारवारहून मॅक्सवेल, बिहारमधल्या पुसाहून फ्लेचर असे कितीतरी लोक त्यांना नमुने पाठवत. पंखांच्या शिरा आणि मुखांगं पाहून त्यांनी जगभरच्या हजारो जातींना नावं दिली. ज्यांवरून ही नावं दिली, त्या लंडनमधल्या मूळ नमुन्यांची सचित्र यादी करायला गेट्स क्लार्क यांना पुढे आठ खंड लागले (1955–1970). अड्यारला पकडलेल्या पतंगाचं नाव पक्कं करायचं, तर आजही अनेकदा त्या लंडनच्या पेट्यांपर्यंत जावं लागतं. नदीपलीकडे सांथोमला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं दक्षिण केंद्र असलं तरीही.

फ्लेचर यांचं काम त्या मानाने कमी झळकलं, पण ते जास्त मोलाचं आहे. मद्रास सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम करून ते पुसाला गेले. दक्षिण भारतातल्या कीटकांवरचं त्यांचं पुस्तक 1914 साली मद्रासला छापलं गेलं. त्यांनी अळ्या पाळून पतंग मिळवण्यावर भर दिला. दिव्यावर आलेला पतंग आपण काय खाऊन वाढलो ते सांगत नाही. पानातून काढून वाढवलेली अळी सांगते.

आणि शेतकऱ्याला तेच हवं असतं. लिंबू-संत्र्याच्या पानात नागमोडी रेघा काढणाऱ्या पतंगाला स्टेन्टन यांनी 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून नाव दिलं. पंख पसरूनही तो साधारण पाच मिलिमीटरच भरतो. कापसाची गुलाबी बोंडअळी याच बारक्यांच्या गोतावळ्यातली. टोमॅटोवरची टुटा ही परदेशी नागअळी 2014 मध्ये पुणे भागात भारतात प्रथम नोंदली गेली. ही पाहुणी आहे हे ओळखायला आपल्याकडचे पतंग आधी माहीत असावे लागतात.

तेव्हा कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पांढरी रेघ दिसली, तर ते पान फेकून देऊ नका. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा. पतंग बाहेर आला की फोटो काढा आणि सोबत झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा.