दोन देशांतला संसार आणि न लिहिलेलं मृत्युपत्र

मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्या घरांत लगेच 'शुभ बोल रे नाऱ्या!' ऐकू येतं. विम्याचा हप्ता आपण चुकवत नाही, पासपोर्टची मुदत सहा महिने आधी तपासतो. पण आपल्यामागे पैशाचं आणि मुलांचं काय, हे दोन पानांवर लिहून ठेवलेली घरं मोजकीच सापडतील. मंडळी, आम्हा इंजिनिअर लोकांना पंप बसवतानाच दुसरा राखीव पंप बसवायची सवय असते. संसाराच्या बाबतीतही तेवढीच सावधगिरी हवी.

अमिरातीत राहणाऱ्यांना तर ती जास्तच हवी, कारण आपला संसार दोन देशांत मांडलेला आहे. पगार, बँकेतली शिल्लक, ग्रॅच्युइटी इथे. फ्लॅट, ठेवी, गावची जमीन तिकडे. मृत्युपत्र नसेल तर वाटणी कायदा करतो, आणि दोन देशांचे कायदे एकसारखी वाटणी करत नाहीत.

उदाहरण घेऊ. नवरा शारजात नोकरीला, बायको आणि दोन मुलं बरोबर, आई साताऱ्याला. इथल्या खात्यात ८ लाख दिरहम. मृत्युपत्र न करता तो गेला. बिगर-मुस्लिमांसाठीचा अमिरातीचा नागरी कायदा (२०२२ चा ४१ वा, १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू) म्हणतो : अर्धे बायकोला, अर्धे मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे बायकोला ४ लाख, मुलांना दोन-दोन लाख. आईला काहीच नाही. हेच पैसे साताऱ्याच्या बँकेत असते, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, दोन्ही मुलं आणि आई या चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा मिळाला असता. शिवाय इथल्या पैशांनाही आपल्या देशाचा कायदा लावा, अशी मागणी एखादा वारस करू शकतो. म्हणजे सासू-सुनेचं कितीही गूळपीठ असो, भांडणाची सोय कायद्यातच झालेली! नोंदवलेलं मृत्युपत्र असलं तर हा प्रश्न उरत नाही. कोणाला किती द्यायचं ते तुम्हीच ठरवलेलं असतं.

आपल्या कोकणातल्या मुस्लिम बांधवांची गोष्ट वेगळी. त्यांचे हिस्से शरियतने ठरलेले असतात आणि वारसांव्यतिरिक्त कोणाला द्यायचं तर साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येतं.

मृत्यूची खबर मिळाली की इथली बँक खातं गोठवते. संयुक्त खात्यातही मृताच्या हिश्श्यापुरते व्यवहार थांबतात. कोर्टाचा वारसांचा हुकूम येईपर्यंत घरभाडं आणि शाळेची फी थांबत नाही. म्हणून बायकोच्या एकटीच्या नावावर निदान तीन-चार महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक असावी.

आता नॉमिनीबद्दल. 'नॉमिनी घातलाय, झालं!' असं आपण सर्रास म्हणतो. ज्यांचं 'कालनिर्णय' आपल्या भिंतींवर आहे, त्या जयंतराव साळगांवकरांच्या वारशाचा दावाच याचं उदाहरण आहे. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनीही नेमले होते. २०१३ मध्ये ते गेले. नॉमिनी मालक की वारस मालक, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १४ डिसेंबर २०२३ रोजी : नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव राहील असं पाहावं.

भारतातल्या मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतातच. ते शक्यतो लाभार्थी नसावेत. मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेट, पूर्वी मुंबईतल्या मालमत्तेसाठी सक्तीचं होतं; संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये ती सक्ती काढून टाकली. आणि मृत्युपत्र नसलं, फ्लॅटमध्ये अज्ञान मुलांचा हिस्सा आला, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही तो हिस्सा विकता येत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा नाहीच. देव न करो, पण नवरा-बायको दोघंही एकाच अपघातात गेले तर मुलं त्या रात्री कुठे झोपणार? मावशी नाशिकहून व्हिसा काढून येईपर्यंत मुलांना कोणी ठेवून घ्यायचं? कागद नसेल तर हे कोर्ट ठरवणार, आणि तोवर शेजारणीने नुसत्या प्रेमापोटी मुलं ठेवून घेतली तरी तिच्या हातात अधिकार काही नाही. म्हणून मृत्युपत्रात दोन नावं घालावीत : इथला तात्पुरता पालक आणि तिकडचा कायमचा. दोघांनाही आधी विचारून. आणि नवरा-बायको दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करून तीच नावं लिहावीत, कारण १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे आई हयात असेल तर बापाने नेमलेल्या पालकाला अधिकार येत नाही, आणि आईने मागाहून दुसरं नाव लिहिलं तर तेच चालतं.

बायकोने वेगळं मृत्युपत्र करायला आणखी एक कारण आहे. मूल नसलेली विवाहिता मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची स्वकमाई नवऱ्याला, आणि नवरा नसेल तर त्याच्या वारसांना जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर.

करायचं कुठे? दुबईत दोन वाटा आहेत : दुबई कोर्टाचा नोटरी, किंवा डीआयएफसीचं मृत्युपत्र केंद्र, जे २०१५ पासून चालू आहे आणि जिथे इंग्रजीत काम चालतं. अबुधाबीत न्याय खात्याकडे बिगर-मुस्लिमांच्या मृत्युपत्रांची नोंदणी होते. तिकडच्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र केलेलं सोयीचं. मात्र 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे ठरावीक वाक्य वकिलाकडून नीट तपासून घ्या, नाहीतर पुण्यात केलेला कागद दुबईतला कागद रद्द करून बसेल.

सुरुवात एका शनिवारी सकाळी चहाबरोबर करता येईल. एका पानावर खाती, ठेवी, विमे, कर्जं आणि दागिने लिहा, दुसऱ्यावर मुलांच्या पालकांची नावं. पहिलं पान तासाभरात होईल. दुसऱ्यावर नवरा-बायकोचं एकमत व्हायला कदाचित दोन-तीन शनिवार लागतील. लागू देत, पण पान कोरं ठेवू नका.