पुराचा इशारा कोण कसा ऐकतो

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीचा दिवस एका आकड्याने उजाडतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी, सांगलीत आयर्विन पुलाची. फूट-इंचांतला हा निरोप चहाच्या गाड्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत फिरत असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मग इतक्या जागरूक भागात ऑगस्ट २०१९ च्या पुरात हजारो माणसं घरांत अडकली कशी?

कारण बहुतेकांच्या मनात २००५ च्या पुराची खूण पक्की होती. ‘तेव्हा पाणी पायरीपर्यंतच आलं होतं’ असं म्हणत माणसं घरात थांबली, आणि व्यापाऱ्यांनी माल त्या खुणेच्या वर चढवून शटर ओढलं. सांगलीत २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. या तीनेक फुटांत वर ठेवलेला मालही भिजला. पूर पाहिलेला माणूस सावध असतो हे खरंच, पण त्याच्या सावधपणाची उंची मागच्या पुराइतकीच असते. ‘अतिवृष्टीची शक्यता, सतर्क राहा’ एवढ्याने तो हलत नाही. त्याला ‘या खेपेला २००५ च्या वर’ असंच सांगावं लागतं.

शेतकऱ्याचं गणित निराळं. बायका-पोरं पाहुण्यांकडे जातात, पण गोठ्यात दोन म्हशी असतील तर घरातला एक जण मागे राहतोच. त्याला बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे. जनावरं कुठे बांधायची, वैरण कोण देणार, दूध कुठे घालायचं, याचा इशाऱ्यात पत्ताच नसेल तर त्याने निघावं कशाच्या भरवशावर? २०१९ चे चटके बसल्यावर २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडची माणसं जनावरांसकट वेळेत बाहेर पडली. त्यांच्यासाठी सोनतळीची जागा ठरलेली होती, हे त्यातलं मोठं कारण.

धरणाच्या निरोपाचंही तसंच. ‘कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग’ हे अभियंत्याला पुरतं. सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानदाराला हवं असतं ते एवढंच, की पाणी माझ्या दारात किती वाजता आणि किती फूट. २०२३ मध्ये सरकारचा आपत्कालीन इशारा चाचणी म्हणून आला नि मोबाइल एकदम वाजू लागले, तेव्हा कित्येकांना फोन हॅक झाल्यासारखं वाटलं. आधी ओळख करून न दिलेला भोंगा नुसती धास्ती वाढवतो. आणि पुराचं सोडा, त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री दरडीखाली गेलेली रायगडमधली इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. तिथे इशारा ऐकला की नाही हा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते भाडेकरूंबद्दल आणि परगावाहून कामाला आलेल्यांबद्दल. त्यांच्या मनात २००५ नाही, २०१९ नाही. आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट, पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल वस्त्यांत पाणी त्याच्या कितीतरी आधी शिरतं, हे जुना रहिवासी जाणतो. गेल्या महिन्यात खोली घेतलेल्याला कोण सांगणार? गल्लीगल्लीतल्या विजेच्या खांबांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेषा रंगवाव्यात, आणि आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येतं, तो आकडा त्याखाली ठळक लिहावा. मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, हे काम महापालिकेला सहज उरकता येईल.